सायलेन्सरच्या टिपला टिकणारा काळा रंग: डब्यावर लिहिलेल्या अंशांवर जाऊ नका

प्रश्न रत्नागिरीहून आला आहे. बीएस-६ डिझेल पिकअप, मागे स्टेनलेसची चकचकीत टिप, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपच्या तोंडाला लावतात ती शोभेची नळी. गाडी पूर्ण काळी आहे म्हणून टिपही काळी हवी. ‘६५० अंशांपर्यंत चालतो’ असं लिहिलेला स्प्रेचा डबा आणून त्यांनी घरीच दोनदा रंग मारला. दोन्ही वेळा उन्हाळ्यात छान दिसला आणि पावसाळ्यात पोपडे धरून सुटला. आता पावडर कोटिंग करावं, सिरॅमिक करावं की ब्लॅक क्रोम, आणि खाऱ्या हवेत यातलं काय टिकेल, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी थेट उत्तर देतो. जुना रंग पूर्ण उतरवा, टिप स्वच्छ ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्ट करून घ्या (म्हणजे हवेच्या दाबाने त्याचे कण मारून पृष्ठभाग खरबरीत करून घ्या) आणि तिच्यावर मॅट काळं सिरॅमिक कोटिंग पातळ थरात मारून घ्या. ते करणारा जवळपास नसेल तर सिलिकॉन बेसची उष्णतारोधक पावडर, ओव्हनमध्ये नीट बेक केलेली. मिरर फिनिशचा काळा हवा असेल तर रंगाच्या वाटेला जाऊच नका, पीव्हीडी केलेली, म्हणजे निर्वात चेंबरमध्ये धातूच्या वाफेने काळा थर चढवलेली टिप विकत घ्या. साधी पॉलिएस्टर पावडर, ब्लॅक निकेल आणि केमिकलच्या टाकीत बुडवून काळं करून देणारी ऑक्साइड प्रक्रिया, या तिन्ही तुमच्या कामाच्या नाहीत.

आता कारणं, कारण कारणं कळली तरच शॉपवाल्याशी नीट बोलता येईल.

तुमचा रंग उष्णतेने गेलेला नाही. उष्णता कमी पडली म्हणून गेला. हे ऐकून बरेच जण चमकतात, म्हणून सविस्तर सांगतो. ‘६०० अंश’, ‘६५० अंश’ असं लिहिलेले बहुतेक स्प्रे सिलिकॉन रेझिनचे असतात. हा रंग हवेत तासाभरात हाताला सुकलेला लागतो, पण ती फक्त थिनर उडून गेल्याची खूण. रेझिन खऱ्या अर्थाने क्युअर व्हायला, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींत घट्ट गुंतायला, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहावं लागतं. चांगल्या कंपन्या डब्यावर पायऱ्यासुद्धा देतात: आधी १२० अंशांच्या आसपास अर्धा तास, थंड करा, मग २०० अंशांवर अर्धा तास, थंड करा, मग ३०० च्या थोडं वर अर्धा तास. मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनला लागूनच असलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या भागावर मारलेला रंग इंजिन चालू केल्यावर आपोआप या पायऱ्या चढतो. तुमची टिप मॅनिफोल्डपासून तीन-चार मीटर लांब आहे. गावातल्या फेऱ्यांमध्ये ती शंभर अंशांच्याही खाली राहते. म्हणजे ६५० अंश सोसणारा रंग तुम्ही अशा जागी मारला जिथे तो कधी पुरता कडक झालाच नाही. अशा कच्च्या थराला डिझेल, रॉकेल, थिनर काहीही लागलं की तो मऊ पडतो. आपल्याकडे सर्व्हिसिंगला गाडी दिली की खालून डिझेलचा किंवा ऑइलचा फवारा मारायची पद्धत आहे, कोकणात तर पावसाळ्यापूर्वी हमखास. तो फवारा टिपवर बसला, थर सैल झाला, आणि जूनमध्ये पाणी त्याच्याखाली शिरलं.

त्यामुळे डब्यावरचा आकडा म्हणजे टिकाऊपणा नव्हे. तो आकडा वरची मर्यादा सांगतो. खालची मर्यादा, म्हणजे क्युअर होण्यासाठी किती उष्णता लागते, ती मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते, आणि टिपसाठी तीच जास्त महत्त्वाची.

मग टिप नक्की किती तापते? हे तुमची टिपच सांगते. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस हवेत तापलं की त्याच्यावर ऑक्साइडची झाक येते आणि ती तापमानानुसार बदलते: २९० अंशांच्या सुमाराला फिकट पिवळी, ३७० ला गडद पिवळी, ३९० ला तपकिरी, ४५० ला जांभळी, ५४० ला निळी. रंग उतरवल्यावर टिप धुऊन उन्हात धरा. पाइपला जोडते त्या बाजूला हलकी सोनेरी झाक आणि तोंडाकडे स्वच्छ पांढरं स्टील असेल, तर जोडाची बाजू कधीतरी तीनशेच्या आसपास गेली आहे आणि तोंड त्याच्या खालीच राहिलं आहे, असं समजा. डिझेल पिकअपच्या बहुतेक टिपा अशाच निघतात. टर्बो पेट्रोल गाडी, लहान पाइप आणि घाटात सतत पहिला-दुसरा गिअर, असं असेल तर झाक तपकिरीपर्यंत जाते, तिथे वेगळा विचार करावा लागतो.

इन्फ्रारेड गनने तापमान मोजायचं असेल तर एक काळजी घ्या. चकचकीत स्टेनलेसवर ती गन साफ चुकीचा, खूप कमी आकडा दाखवते, कारण चमकणारा पृष्ठभाग उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि गन अर्धीअधिक आजूबाजूचीच उष्णता वाचते. टिपवर मॅट काळ्या हीट-पेंटचा रुपयाएवढा ठिपका मारा आणि गन त्या ठिपक्यावर रोखा. लांबचा चढ चढून आल्याबरोबर, गाडी बंद करण्यापूर्वी मोजा.

बीएस-६ डिझेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हिशेबात धरायला हवी. एप्रिल २०२० पासून आलेल्या या गाड्यांत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो साचला की गाडी स्वतःच रीजनरेशन करते, म्हणजे ती काजळी जाळून टाकते. त्या वेळी फिल्टरच्या आत तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. टिपपर्यंत येईपर्यंत त्यातलं बरंच उतरतं, पण रोजच्यापेक्षा टिप त्या दहा-पंधरा मिनिटांत कितीतरी जास्त तापते, आणि गाडी उभी असेल तर वाऱ्याचा झोत नसल्याने अजूनच. साधी पावडर इथेच हरते. महिनाभर शंभर-सव्वाशे अंशांत ती मजेत असते आणि एका रीजनरेशनमध्ये तिची सगळी चमक उडते. अमेरिकेत मोठ्या डिझेल पिकअपना डीपीएफ आल्यावर कंपन्यांनी टिप आणि पाइप यांच्यामध्ये मुद्दाम फट ठेवायला सुरुवात केली. धूर वेगाने बाहेर पडताना त्या फटीतून बाहेरची थंड हवा ओढून घेतो आणि तोंडाशी तापमान उतरतं. तुमच्या टिपला अशी फट किंवा जोडाजवळ भोकं असतील तर ती शोभेची नाहीत. कोटिंग करताना किंवा पट्टी ठोकताना ती बुजवू नका.

धातू कोणता, हा पुढचा प्रश्न. लोहचुंबक लावून पाहा. घट्ट चिकटलं तर ती साधी लोखंडी टिप आहे, वरून क्रोम केलेली, किंवा ४०९ सारखं क्रोमियम कमी असलेलं फेरिटिक स्टेनलेस. चिकटलं नाही तर ३०४ असेलच असं नाही. बाजारातल्या स्वस्त टिपा २०२ ग्रेडच्या असतात. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही. स्टीलच्या दुकानदारांकडे टेस्टिंगचे थेंब आणि छोटी बॅटरी असते, थेंब लालसर झाला तर २०० सिरीज, म्हणजे २०२ सारखं स्टील. एक मिनिटाचं काम आहे, ते करूनच पुढे जा. रत्नागिरी, मालवण, पणजी अशा ठिकाणी २०२ वर काहीही मारलं तरी कडेच्या घडीतून आणि वेल्डिंगच्या रेषेतून तांबूस पाणी यायला लागतं, आणि लोक दोष कोटिंगला देतात. माझं मत स्पष्ट आहे: टिप २०२ ची किंवा लोखंडी निघाली तर तिच्यावर कोटिंगचा खर्च करू नका. ३०४ ची दुहेरी भिंतीची टिप घ्या आणि तिच्यावर करा. दुहेरी भिंतीत मधली हवा अडसर होते, त्यामुळे बाहेरचा पत्रा कमी तापतो, आणि रंग बाहेरच्याच पत्र्यावर असतो.

लोखंडीच ठेवायची असेल तर पद्धत वेगळी. रिफायनरीच्या चिमण्यांवर आणि गरम पाइपलाइनवर जे करतात तेच: खाली झिंक सिलिकेटचा प्रायमर, तो ४०० अंशांपर्यंत सोसतो, आणि वर सिलिकॉनचा काळा. नुसता काळा हीट-पेंट लोखंडाला गंजापासून वाचवत नाही, कारण त्याचा थर पंचवीस-तीस मायक्रॉनचा असतो आणि त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात.

आता तयारी. यावर मी सगळ्यात जास्त भर देतो, कारण आमच्या शॉपमध्ये दुसरीकडून सोललेल्या टिपा येतात त्यातल्या बहुसंख्य रंगामुळे नव्हे, तयारीमुळे सोललेल्या असतात. बफिंग केलेलं स्टेनलेस अतिशय गुळगुळीत असतं आणि त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ निष्क्रिय थर असतो. स्टेनलेस गंजत नाही ते त्या थरामुळे, आणि रंग धरत नाही तेही बऱ्याच अंशी त्यामुळेच. घरी पॉलिश पेपर मारून जमेल असं वाटतं, पण वळणात, घडीत, वेल्डजवळ कागद पोचत नाही आणि सोलणं तिथूनच सुरू होतं. ब्लास्टिंग हवंच, आणि तेही टोकदार कणाच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडने, १०० ते १२० मेशच्या (मेश म्हणजे कणांच्या बारीकपणाचं माप). ग्लास बीड चालणार नाही. त्याचे गोल मणी पृष्ठभाग ठोकून सुंदर मॅट करतात पण रंगाला पकडायला खाच देत नाहीत. आणखी एक विचारून घ्या: त्याच ग्रिटने आधी लोखंडाचे जॉब केले आहेत का? तसं असेल तर लोखंडाचे कण तुमच्या स्टेनलेसमध्ये रुतून बसतात आणि पुढे कोटिंगखालून गंजाचे ठिपके उठतात. शॉपवाल्याला हा प्रश्न विचारला की तो तुम्हाला गांभीर्याने घेतो.

ब्लास्टिंगच्या आधी डिग्रीसिंग, म्हणजे तेलकटपणा धुऊन काढणं, नंतर नाही. तेलकट जॉब ब्लास्ट केला की तेल खाचांमध्ये ठोकलं जातं. वापरलेल्या टिपला आतून काजळी आणि तेल असतं, ते गरम झालं की पाझरतं. म्हणून धुतल्यावर ती ओव्हनमध्ये तासभर १५० अंशांवर ठेवायची, तेल बाहेर येऊ द्यायचं, पुन्हा पुसायचं, मग ब्लास्ट. वेल्डजवळची तपकिरी-निळी पट्टी पिकलिंग पेस्टने काढून घ्यावी लागते. ती पेस्ट नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडची असते, हायड्रोफ्लोरिक कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं. घरी अजिबात करू नका. ब्लास्टिंगनंतर उघड्या हाताने टिप धरायची नाही, आणि कोकणातल्या दमट हवेत तर त्याच दिवशी रंग चढलाच पाहिजे.

क्रोम केलेली टिप असेल तर वरचं क्रोम काढावं लागतं. क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशाएवढाच असतो, खाली निकेल असतं. प्लेटिंगवाल्याकडे उलटा करंट देऊन ते पाच मिनिटांत उतरतं. त्यावरच रंग मारून देतो म्हणणाऱ्याकडे टिप देऊ नका.

एवढं झाल्यावर कोटिंगची निवड सोपी होते. सिरॅमिक म्हणून जे मिळतं त्यातही दोन जाती आहेत. सेराकोट या ब्रँडचंच उदाहरण घ्या. त्याची एच मालिका ओव्हनमध्ये बेक करायची, बंदुकांच्या भागांसाठी लोकप्रिय, झीज आणि ओरखडे सोसण्यात उत्तम, पण एक्झॉस्टच्या तापमानासाठी ती नाही. सी मालिका हवेत क्युअर होते आणि साधारण ९८० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी आहे. एक्झॉस्टला ती. हवेत क्युअर होत असल्यामुळे थंड राहणाऱ्या टिपची तुमची अडचणच उरत नाही. फक्त पूर्ण कडक व्हायला पाचेक दिवस लागतात, तेवढे दिवस टिप गाडीला लावू नका, घासू नका, त्यावर पाणी मारू नका. हा थर पंचवीस मायक्रॉनच्या आसपासचा, जाड मारला तर तडकतो. जाड थर म्हणजे जास्त टिकाऊ ही समजूत या कामात सरळ नुकसान करते.

उष्णतारोधक पावडर सिलिकॉन बेसची असते आणि साधारण ४०० ते ५५० अंशांपर्यंतच्या मिळतात. हिचा थर जाड, दगडगोट्यांचा मार चांगला सोसते, आणि ती मुळातच २०० अंशांच्या वर बेक होते, त्यामुळे कच्ची राहण्याचा प्रश्न नाही. अडचण अशी की बरेच पावडर कोटिंगवाले एक-दोन टिपांसाठी वेगळी पावडर उघडत नाहीत आणि ग्रिल-गेटला मारतात तीच पॉलिएस्टर मारून देतात. ती १८० ते २०० अंशांवर क्युअर होते, दिसते हुबेहूब तशीच. म्हणून पावडरचा खोका डोळ्यांनी पाहा, त्यावरचं तापमान वाचा.

काळा तपकिरी का होतो, हेही कळलेलं बरं. स्वस्त काळ्या रंगात काळं आयर्न ऑक्साइड असतं. ते १८० अंशांच्या पुढे हवेतला ऑक्सिजन घेऊन लाल आयर्न ऑक्साइड व्हायला लागतं, म्हणजे गंजाच्याच रंगाचं. कार्बन ब्लॅक असेल तर तो अजून वर टिकतो आणि मग जळून जातो, खाली करडं राहतं. खरा उष्णता सोसणारा काळा तांबं, क्रोमियम, मँगनीज, लोह यांच्या मिश्र ऑक्साइडचा असतो, हजार अंशांच्या भट्टीतून निघालेला, त्याला आणखी जळायला काही शिल्लक नसतं. डेटा शीटमध्ये ‘कॉपर क्रोमाइट ब्लॅक’ किंवा ‘स्पिनेल ब्लॅक’ असे शब्द दिसले तर निश्चिंत राहा.

पीव्हीडी ही वेगळीच दुनिया. निर्वात चेंबरमध्ये धातूची वाफ करून दोन-तीन मायक्रॉनचा अतिशय कठीण थर चढवतात. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात टूल कोटिंग करणारे आहेत, पण टिपसाठी चेंबर भरायला ते सहसा तयार होत नाहीत. कारण एका भाराचा खर्च मोठा आणि वापरलेल्या टिपच्या काजळीने चेंबर खराब होतो. म्हणून नवी, तयार टिपच घ्यावी. थर पातळ असल्याने खालचा प्रत्येक ओरखडा दिसतो. घेताना कोणता थर आहे ते विचारा: टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइड टिपच्या तापमानाला सहज पुरतो, रंग किंचित जांभळट काळा. डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा थर, जास्त सुंदर काळा दिसतो, पण तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे त्यातला कार्बन बिघडायला लागतो, आणि रीजनरेशनवाल्या गाडीला मी तो देत नाही. ‘ब्लॅक क्रोम’ नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ टिपा म्हणजे साध्या क्रोमवर काळसर लॅकर असतो. तोंडाच्या आतल्या कडेला नखाने खरवडून पाहा, लॅकर असेल तर तिथे सालपट निघतं.

मॅट की ग्लॉस, यात मी मॅटच्या बाजूने आहे. उष्णता सोसणाऱ्या काळ्यात खरी ग्लॉस टिकत नाही, आणि मॅटवर चिखलाचे, पाण्याचे डाग कमी उठून दिसतात. गाडीच्या बंपरची जाळी बहुधा मॅटच असते, तिच्याशी ती जुळतेही.

काम हातात घेताना शॉपवाल्याला एक चाचणी करून दाखवायला सांगा. त्याच ग्रेडच्या पत्र्याच्या तुकड्यावर, तुमच्या टिपबरोबरच, तोच ब्लास्ट आणि तोच थर. पुरता क्युअर झाल्यावर तुकडा ३०० अंशांवर तापवून लगेच पाण्यात बुडवायचा, असं चार-पाच वेळा. मग ब्लेडने आडव्या-उभ्या रेषा मारून चौकटी करायच्या, चिकटपट्टी दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची. चौकटी जागेवर राहिल्या तर पावसाळ्यात गरम टिपवर डबक्याचं पाणी उडण्याची भीती बाळगू नका. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तो या चाचणीला नाही म्हणत नाही.

गाडीला लावताना टिपच्या आतल्या बाजूला दोन इंचांपर्यंतच कोटिंग असू द्या, त्याच्या आत उपयोग नाही. क्लॅम्प बसतो ती पट्टी मास्किंग करून मोकळी ठेवा, नाहीतर आवळताना तिथला थर चुरडतो आणि पाणी तिथून आत सरकतं. क्लॅम्पसुद्धा स्टेनलेसचाच घ्या. सर्व्हिस सेंटरला सांगून ठेवा की टिपवर डिझेलचा फवारा नको, चाकं धुवायचं ॲसिड नको. समुद्रकाठच्या रस्त्याने फिरून आलात की टिप थंड झाल्यावर साध्या गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः खालची कड. तिच्या घडीत खारट ओल सगळ्यात जास्त वेळ बसून राहते. घडीत तळाला पाणी साठत असेल तर कोटिंगला देण्यापूर्वीच तिथे तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या.